एकोणतीस दिव्यांचा अर्ज

मार्च संपत आला तरी सृष्टीच्या डायरीत अजून एकही माणूस आला नव्हता.

वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिकाचा एक पेपर असतो. पुस्तक मिटायचे, लोकांत जायचे, त्यांचे गाऱ्हाणे ऐकायचे, त्यांना कायद्याची वाट दाखवायची आणि जे घडले ते डायरीत लिहून मॅडमची सही घ्यायची. वर्गातल्या कोणाला भांडका भाडेकरू सापडला होता, कोणाला घटस्फोटाला निघालेली मावशी. सृष्टीच्या डायरीत पहिल्या पानावर गणपती होता, दुसऱ्यावर तिचे नाव होते आणि पुढे सगळे पांढरे होते.

"समोर माणूस आहे असं समजून वकील होता येत नाही," दीपमाला मॅडम म्हणाल्या होत्या. "खरा माणूस समोर बसवा. त्याचा अर्ज त्याच्या हातानं लिहू द्या. तुम्ही फक्त नमुना दाखवायचा."

असे म्हणून त्यांनी फळ्यावर एक नमुना अर्ज लिहिला. मॅडमच्या गल्लीतला खांबावरचा दिवा तीन महिने बंद होता, म्हणून अर्ज दिव्याचा होता. प्रति, विषय, महोदय, 'वरील विषयास अनुसरून', शेवटी 'तरी मेहेरबान साहेबांनी दिवा चालू करून द्यावा ही नम्र विनंती'. सगळे जागच्या जागी. सृष्टीने तो जसाच्या तसा वहीत उतरवून घेतला. तेव्हा तिला वाटले, एवढ्याने निम्मी वकिली आली.

त्या दिवशी सृष्टीच्या घरी, पुंडलिकनगरात, नळ येण्याचा वार होता. आठ दिवसांनी येणाऱ्या पाहुण्याला ओवाळावे तशी घरातली सगळी भांडी दारात मांडलेली होती. सृष्टीचे वडील रामहरी शेंद्र्याच्या कंपनीतून पाळी संपवून आले आणि बूट न काढताच बादली धरून उभे राहिले.

"काय गं, तोंड का पाडून बसलीस?"

"माणूस मिळत नाही, पप्पा. गाऱ्हाणं असलेला."

रामहरी हसले. ते हसणे काही आनंदाचे नव्हते. "मग आत्याकडं जा की. सगळी वस्ती गाऱ्हाण्यानंच भरलीय. सलग तिसरं वर्ष कोरडं. गावात टँकर येतो, वस्तीवर येत न्हाई. बानाबाईचा फोन आला की मी पहिल्यांदा पाण्याचं विचारतो, मग तब्येतीचं." मग बादली बदलत ते म्हणाले, "तुला किती बार सांगितलं, कंपनीत लीगलच्या टेबलाला माणूस लागतो. थंड हवेत बसून सह्या करायच्या. ही उन्हातली वकिली कशाला?"

"वीस मार्कांची आहे, पप्पा."

"मग जा," रामहरी म्हणाले. वीस मार्कांपुढे त्यांचेही काही चालत नसे.

आत्याची पाथरवस्ती शेंद्र्याच्याही पलीकडे आहे. कंपन्यांचे पत्रे, नवे चौपदरी रस्ते, 'येथे भव्य गृहप्रकल्प' अशा पाट्या संपल्या की एक कच्चा फाटा लागतो. त्या फाट्याने आत गेले की आधी गाव आणि गावापासून पाऊण कोसावर मेंढपाळांची ही वस्ती. एकोणतीस उंबरे, एक विठ्ठलाचे देऊळ आणि नऊ विजेचे खांब. खांब कुठल्याशा निवडणुकीच्या आधी रोवले होते. त्यांच्यावरचे दिवे निवडणुकीनंतर यायचे होते.

आत्या बानाबाई आणि तिचा नवरा मुंजाबा वस्तीच्या टोकाला राहत. मुंजाबाला सृष्टी मामा म्हणे. मुंजाबा वस्तीचा विणेकरी. सप्ताहात सात दिवस त्याच्या गळ्यातली वीणा खाली टेकत नसे, आणि पारायणाला व्यासपीठाशेजारी तोच बसे. वाचणाऱ्याची एखादी ओवी घसरली की मुंजाबाचा हात वर जाई, आणि सगळ्या मांडवाला ती ओवी पुन्हा म्हणावी लागे. अक्षर हलले तर पुण्य गळते, असा त्याचा पक्का हिशेब होता.

सृष्टी स्कूटी लावून घरात शिरली तेव्हा दारच्या वाडग्यात, मेंढरांच्या कुंपणात, एकही मेंढरू नव्हते.

"कन्नडकडं गेली समदी," बानाबाई म्हणाली. "पोरगा घेऊन गेला. तिकडं उसाचं वाडं तरी मिळंल म्हनं." भिंतीवरच्या खुंटीला म्होरक्या मेंढ्याची घंटा लटकत होती. "ही हितंच ठिवली. वाटंत वाजली की बाकीची मेंढरं घराकडं वळत्यात म्हनून."

सृष्टीने घंटेला नुसते बोट लावले. तिने पिशवीतून नमुना अर्जाचा मोठा तक्ता काढला आणि ती देवळाकडे निघाली.

देवळात वस्ती जमली होती. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मध्ये वाट, अगदी कीर्तनाला बसतात तशी. सृष्टीने तासभर भाषण केले. पाणी हा माणसाचा हक्क आहे, टँकर वस्तीपर्यंत आला पाहिजे, मागितल्याशिवाय कोणी देत नाही आणि कागदावर मागितल्याशिवाय तर मुळीच देत नाही. लोक माना डोलावत होते. दोन म्हाताऱ्यांनी मध्येच टाळ्याही वाजवल्या. सृष्टीला धन्य वाटले.

"काही शंका?" तिने विचारले.

कोणीच बोलले नाही. कीर्तनात बुवांना मध्येच शंका विचारायची नसते, ही वस्तीची शिस्त. बोलणारा उभा, ऐकणारा बसलेला, तर शंका कसली?

मग तिने तक्ता खांबाला टांगला. "हा नमुना. असा अर्ज प्रत्येकानं आपापल्या हातानं लिहायचा. सही किंवा अंगठा करायचा."

इतक्यात बानाबाई दाराशी आली. "चल गं. भाकरी गार व्हायली."

"आत्या, अर्ज तरी लिहून होऊ दे."

"भाची उपाशी बोलायली आन् मी बघत बसू व्हय? मामा हायेत की हितं. त्यांना का लिव्हता येत न्हाई?"

"जा तू," मुंजाबा म्हणाला. त्याने तक्ता खालून वर, वरून खाली नीट न्याहाळला. "नाव-गाव ज्याचं त्याचं. बाकी अक्षर हलू द्यायचं न्हाई. बस ना?"

"बस," सृष्टी म्हणाली आणि जेवायला गेली. त्या दिवशी तिची चूक झाली असेल तर ती एवढीच, भूक लागल्याची.

जेवण होईपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला. बाजरीची भाकरी, ठेचा आणि पिठलं. हात धुताना बानाबाईने खाली परात धरली. ते पाणी तिने दारातल्या तुळशीला घातले आणि परातीला लागलेला ओलावा पदराने टिपून तोच पदर कपाळावरून फिरवला. सृष्टीने ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

"माझा बी लिव्ह की अर्ज," बानाबाई म्हणाली. "मी काय देवळात बसले न्हाई."

"सांग. काय लिहू?"

"आमच्या वस्तीला पाणी न्हाई. पाणी द्या."

सृष्टीने लिहिले आणि थांबली. "पुढे?"

"पुढं काय?"

"असं नसतं गं आत्या. विषय असतो, महोदय असतं, वरील विषयास अनुसरून असतं..."

"तहान लागल्यावर तू कसं मागतीस?"

सृष्टीने वाद घातला नाही. खाली आत्याचे नाव-गाव लिहून अंगठा घेतला आणि हा अर्ज काही डायरीत लावण्यासारखा नाही, असे मनात म्हणत कागदाची घडी केली.

ती देवळात परतली तेव्हा सगळे अर्ज तयार होते. फक्त दिसत मात्र नव्हते. मुंजाबाने ते पोथीच्या लाल बस्त्यात बांधले होते, गाठीवर हळदकुंकू वाहिले होते आणि बस्ता विठ्ठलाच्या पायाशी ठेवला होता.

"मामा, मला एकदा बघू द्या ना."

मुंजाबाने दोन्ही हातांनी बस्ता उचलून तिच्या ओंजळीत ठेवला. "देवापुढं ठिवलेली गाठ मधी सोडायची नसती, पोरी. थेट सायबापुढं सोडायची. एक अक्षर हललं न्हाई. मी सोता म्हनून घेतलंय समद्यांकडनं, एकेक वळ."

त्याच्या डोळ्यांत पाणी होते. वस्तीवर तेवढेच शिल्लक होते. ते पाहून सृष्टीचा हात गाठीपर्यंत गेला नाही. आत्याचा चुकार कागद तिने गाठीत बाहेरून खोचला आणि ती निघाली.

तालुक्याच्या कचेरीत टपाल घेणारे कारकून सर्जेराव यांनी बस्ता पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली. "हे काय? सत्यनारायण है का?"

"अर्ज आहेत. पाथरवस्तीचे. पाण्याचे."

सर्जेरावांनी गाठ सोडली. बोटांना कुंकू लागले, ते त्यांनी समोरच्या फायलीला पुसले. कागद मोजले. "एकोणतीस एका मापाचे, एक निराळा. तीस."

"वाचून बघा ना एकदा."

"ताई, मी वाचायला लागलो तर शिक्का कोण मारणार?" असे म्हणून त्यांनी तीस वेळा शिक्का मारला आणि सृष्टीला पोच दिली.

पोच डायरीत चिकटली. दीपमाला मॅडमनी शेजारी लाल शाईने लिहिले, 'उत्कृष्ट. लोकसहभाग वाखाणण्याजोगा.' वीसपैकी एकोणीस. एक गुण त्यांनी हस्ताक्षराचा कापला.

मग पंधरा दिवस काहीच घडले नाही. म्हणजे कचेरीतून काही कळले नाही. वस्तीवर ओढ्याच्या वाळूत उकरलेला झिरा आणखी हातभर खाली गेला. बायका पहाटे जाऊन वाटीवाटीने घागर भरत. एक घागर भरायला सूर्य वर येई. कन्नडहून पोराचा फोन आला की म्होरक्या मेंढा वाटेतच बसला तो उठला नाही. मुंजाबाने खुंटीवरची घंटा काढली आणि देवळात नेऊन ठेवली. त्या दिवशी तो हरिपाठाला बसला, पण त्याचा आवाज काही वर चढला नाही.

अशात एका सकाळी सृष्टीचा फोन वाजला.

"सृष्टे! आगं आली गं, गाडी आली!" बानाबाईला धाप लागली होती. "सरकारी गाडी! फाट्याला वळली बघ. मामा सामोरे गेलेत वीणा घेऊन!"

सृष्टी कॉलेज सोडून निघाली. शेंद्र्यापर्यंत ती गात होती.

वस्तीत शिरताना तिला पहिल्यांदा घागरी दिसल्या. देवळापासून ओढ्यापर्यंत घागरी, हंडे, कळश्या, पिपे, एका पोराची दुधाची बाटली, सगळे रांगेत आणि सगळे रिकामे. घागरींपुढे नारळाची शकले पडली होती. सगळी वस्ती गाडीभोवती गोल उभी होती. गाडीवर टाकी नव्हती. शिडी होती.

शिडीवर कचरू नावाचा वायरमन चढला होता. तो वरूनच ओरडला, "ताई, तुम्हीच का वकीलबाई? एकोणतीस दिव्यांचा हुकूम है. खांब नऊच भरायलेत. उरलेले कुठं लावू?"

"कसले दिवे?"

"कसले म्हंजे? तुम्हीच मागितले ना? साहेबांनी मीटिंगमधी वाचून दाखवलं म्हणं. सगळ्या तालुक्यात येवढी एकमतानं आलेली तक्रार कधी झालीच न्हाई. एकोणतीस घरं, एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई. चौकशीला माणूस रातच्याला येऊन गाडीतनंच बघून गेला. दिवे खरंच बंद निघाले. बंद काय, नव्हतेच." त्याने खिशातून कागदांची झेरॉक्स काढून खाली सोडली.

सृष्टीने पहिला अर्ज वाचला. 'आमच्या घरासमोरील खांबावरील दिवा गेले तीन महिने बंद आहे.' दुसरा वाचला. तिसरा. एकोणतिसाव्यापर्यंत ती उभी होती, मग देवळाच्या पायरीवर बसली.

"मामा," ती हळूच म्हणाली, "पाणी कुठंय ह्यात?"

"पाणी तू तोंडानं म्हनलीस," मुंजाबा म्हणाला. "कागदात दिवा घातलास. आमी बी इचार केला की, पाण्याला दिवा कशाला? मंग म्हनलं, सरकारी रीत तशी आसंल. आपुन बी देवाला ओवाळतो दिव्यानंच आन् मागतो पाऊस. देवानं कधी इचारलं का, दिवा कशाला म्हनून?"

कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात ह्याचे उत्तर नव्हते.

"आन् नमुन्याला कसा हात लावायचा?" तो पुढे म्हणाला, पण आवाज बारीक झाला होता. "शिकलेल्या पोरीनं दिलेला."

कचरूने खाली उतरून बानाबाईच्या हातात एक लिफाफा दिला. "आक्का, हे तुमचं निराळं आलंय." आत तिचाच अर्ज परत आला होता, त्याला एक चिठ्ठी टाचून; ती सृष्टीने वाचून दाखवली. 'आपला अर्ज विहित नमुन्यात नसल्याने निकाली काढण्यात येत आहे.'

बानाबाईने अर्ज चिठ्ठीसकट घडी करून पान-तंबाखूच्या पिशवीत ठेवला. "निकाल लागला म्हनं," ती म्हणाली आणि रिकाम्या घागरी एकात एक घालू लागली.

नऊ खांबांवर तीन-तीन दिवे लागले. उरलेले दोन कचरूने देवळाला लावले. संध्याकाळी सगळे पेटले तेव्हा वस्ती शेंद्र्यातल्या कंपनीसारखी झळकायला लागली. रिकामी घागर अशी कधी दिसली नव्हती. तिचा तळसुद्धा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सृष्टी सर्जेरावांच्या टेबलापुढे होती. पिशवीत पाण्याचे एकोणतीस नवे अर्ज होते. ते तिने प्रत्येकाला विचारून लिहून घेतले होते आणि सगळे दोन दोनदा वाचले होते.

"न्हाई जमणार," सर्जेराव म्हणाले. "तुमची वस्ती निरंक झालीय."

"निरंक म्हणजे?"

"तक्रार शिल्लक न्हाई. आता दिव्याची फाईल बंद झाल्याबिगर पाण्याची उघडत न्हाई. आन् दिव्याची बंद करायला वस्तीचं समाधानपत्र पाहिजे."

"समाधानपत्र देते ना आत्ता. नमुना असेल तर द्या."

नमुना हा शब्द तोंडातून गेल्यावर तिला घाम फुटला. सर्जेरावांनाही तिची दया आली असावी. ते जरा पुढे झुकले. "एक सांगू? साहेबांना तुमच्या दिव्यांचा लई अभिमान है. उद्घाटनाला बोलवा. शिवशंकर साहेब उद्घाटनाला न्हाई म्हणत न्हाईत. तिथं समाधानपत्र द्या, फोटो काढा, फाईल बंद. मग बघू पाण्याचं."

साहेबांना दुपारी साडेबाराचीच वेळ मोकळी होती. तेव्हा एप्रिलच्या भर उन्हात, सावलीसुद्धा माणसाच्या पायाखाली लपून बसते अशा वेळी, पाथरवस्तीच्या दिव्यांचे उद्घाटन ठरले. कचरूने बटण दाबले. दिवे लागले की नाही हे पाहायला सगळ्यांनी कपाळावर हात धरून वर पाहिले. लागले असावेत. टाळ्या वाजल्या.

साहेबांना शाल घातली. शाल लोकरीची होती. वस्तीत दुसरी कसली असणार? साहेब दरदरून घामाघूम झाले. मग नारळ दिला, मग पेढा भरवला. पेढा कोरडा होता, तो घशात बसला. साहेब खोकू लागले. ड्रायव्हर जीपकडे धावला आणि रिकामी बाटली हलवत परत आला.

"पाणी," साहेब कसेबसे म्हणाले.

बानाबाई घरात गेली आणि घासून लख्ख केलेला पितळी तांब्या घेऊन आली. तिने तो साहेबांच्या हातात दिला. दारी आलेल्या माणसाला पाणी द्यायचेच असते, मग तो कोणीही असो आणि पाणी कसलेही असो.

साहेबांनी घटाघटा दोन घोट घेतले आणि थांबले. त्यांनी तांब्यात वाकून पाहिले. आतले पाणी चहासारखे होते.

"हे... हे काय आहे?"

"झिऱ्याचं हाय, सायेब," बानाबाई म्हणाली. "दोन बार गाळलंय फडक्यानं. तुमच्यासाठी तीन बार."

दिव्याच्या खांबावर एक कावळा येऊन बसला. साहेबांसोबत आलेल्या सर्जेरावांनी प्रसंग सावरण्यासाठी पटकन पुकारा केला, "आता वस्तीच्या वतीनं मुंजाबा आभार मानतील."

मुंजाबा गळ्यात वीणा घालून उभा राहिला. आयुष्यभर तो बोलणाऱ्याच्या मागे उभा राहिला होता. पुढे उभे राहायची त्याला सवय नव्हती. तो वीणेची तार छेडत राहिला. मग म्हणाला, "सायेब, तुमचा काय दोष न्हाई. आमी मागितलं ते तुमी दिलं. काय मागायचं तेच आमचं चुकलं. नव्हं, माझं चुकलं. ह्या लोकांनी मी म्हनलं तसं लिव्हलं. एकानं बी इचारलं न्हाई, कारन मी कधी इचारूच दिलं न्हाई." आणि तो खाली बसला. वीणा पहिल्यांदाच जमिनीला टेकली.

सृष्टी पुढे झाली. "सर, नमुना माझा होता."

साहेबांनी शाल काढून मांडीवर ठेवली. ते खडूस नव्हते, तहानलेले होते. आणि आता तहान कशाला म्हणतात ते त्यांना घशात कळले होते. "पाण्याचा अर्ज का नाही आला?"

"आलता की," बानाबाई म्हणाली. तिने पान-तंबाखूची पिशवी उघडली, सुपारी बाजूला सारली आणि घडीचा कागद पुढे केला.

साहेबांनी वाचला. वाचायला वेळ लागण्याइतका तो नव्हताच. त्यांनी पेन काढले.

"साहेब," सर्जेराव कानाशी लागले, "हा निकाली काढलाय."

"कोणी?"

"आपणच."

साहेबांनी एकदा सर्जेरावांकडे आणि एकदा तांब्याकडे पाहिले. मग कागद उलटा करून जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहून सही ठोकली. बॉनेट इतके तापले होते की शाई लगेच वाळली.

तिसऱ्या दिवशी वस्तीवर टँकर आला. त्याच्यापुढे कोणी नारळ फोडला नाही. आधी टाकीला हात लावून पाहिला, आतून गार आहे ना म्हणून. मुंजाबाने पहिली घागर देवळात नेली, पण विठ्ठलाच्या पायावर एकच चूळभर घातली आणि बाकीची तशीच घरोघर वाटली.

सृष्टीने हे सगळे डायरीत लिहिले, दिव्यांसकट. दीपमाला मॅडमनी ते वाचले, आधीचे 'उत्कृष्ट' खोडले आणि एकोणीसचे बारा केले. मग पेनाला टोपण लावले. "फळ्यावर माझ्याच गल्लीतला दिवा होता," त्या म्हणाल्या आणि डायरी मिटून परत दिली. बारा ते बाराच राहिले.

मे महिन्यात कॉलेजने सृष्टीला त्याच कचेरीत मदतकक्षावर बसवले. रामहरींनी कंपनीतल्या टेबलाची एकदा आठवण करून दिली. पण डबा त्यांनीच भरून दिला, आणि पाण्याच्या दोन बाटल्याही.

सर्जेरावांनी पुन्हा भानगड नको म्हणून फलकावर एक कागद लावला होता. वर ठळक अक्षरांत 'पाण्याच्या अर्जाचा विहित नमुना' आणि खाली बानाबाईच्या अर्जाची झेरॉक्स, अंगठ्यासकट.

आठवड्याभरात ते डोक्याला हात लावून सृष्टीच्या टेबलाशी आले. त्यांच्या कवेत कागदांचा ढीग होता. काही लाल फडक्यात बांधलेले होते, काहींना कुंकू होते.

"ताई, ही बानाबाई एकलीच किती टँकर पिणार?"

"का? काय झालं?"

"चोवीस वस्त्यांचे अर्ज आले. समद्यांनी नमुना बघून लिहिलंय. आमच्या वस्तीला पाणी न्हाई, पाणी द्या. आन् खाली सही... बानाबाई मुंजाबा, बानाबाई मुंजाबा, बानाबाई मुंजाबा. नाव-गावसुद्धा बदललं न्हाई कुणी! टँकर पाठवू कुठं?"

सृष्टीने बस्ते सोडले. एकेक कागद वाचला. चोवीसही सारखेच होते, तरी चोवीसही वाचले. मग ती व्हरांड्यात गेली. अर्ज घेऊन आलेली माणसे भिंतीच्या सावलीला उकिडवी बसली होती. तिने दुसरी खुर्ची ओढून टेबलासमोर ठेवली आणि पहिल्या म्हाताऱ्याला आत बोलावले. तो खुर्चीच्या कडेवर बसला. नाव सांडू, गाव तीन फाट्यांच्या पलीकडचे. तिने ते लिहून घेतले.

"बाबा, काय पाहिजे तुम्हाला?"

सांडूबाबाने तिच्याकडे आश्चर्याने पाहिले. "त्यात लिव्हलंय की."

"ते आमच्या आत्यानं लिहिलंय. तुम्ही तुमचं सांगा."

म्हातारा विचारात पडला. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली, फलकावरच्या अंगठ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. एवढ्या लांबून आल्यावर काहीतरी निराळे सांगावे, असे त्यालाही वाटत असावे.

"त्येच," तो म्हणाला.